एफईओ एफईडीपेक्षा जास्त येतंय? चूक कुठे आहे ते कसं शोधायचं

मातीतले लोहाचे ऑक्साइड मोजणाऱ्यांना हा प्रॉब्लेम पुन्हा पुन्हा छळतो. एकाच सॅम्पलवर दोन एक्स्ट्रॅक्शन केली, एक डिथायोनाइट-सायट्रेट-बायकार्बोनेट म्हणजे डीसीबी आणि दुसरं अंधारातलं अमोनियम ऑक्झलेट, आकडे शीटमध्ये टाकले, आणि ऑक्झलेटचं लोह डिथायोनाइटच्या लोहापेक्षा जास्त निघालं. ऑक्झलेटने निघालेलं लोह म्हणजे एफईओ, डीसीबीने निघालेलं म्हणजे एफईडी, आणि एफईओ भागिले एफईडी हा रेशो १.३, १.६, कधी कधी २ च्या वर. डीसीबीने गोएथाइट, हेमटाइट (हे दोन नीट स्फटिक झालेले लोहाचे ऑक्साइड) आणि फेरिहायड्राइट (नीट स्फटिक न झालेलं) सगळंच विरघळायला पाहिजे आणि ऑक्झलेटने त्यातला फक्त नीट स्फटिक न झालेला भाग, मग भाग पूर्णापेक्षा मोठा कसा? बरेच जण इथे सॅम्पल पुन्हा लावतात, पुन्हा तोच आकडा येतो, आणि मग ते सॅम्पल गुपचूप यादीतून काढून टाकलं जातं. असं करू नका, कारण तो आकडा बहुतेक वेळा काहीतरी खरं सांगत असतो, फक्त काय सांगतोय ते शोधायला क्रम लागतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, म्हणजे निम्मी धावपळ वाचेल. जे खनिज ऑक्झलेटमध्येही विरघळतं आणि डीसीबीमध्येही पूर्ण विरघळतं, त्याच्यामुळे रेशो १ च्या वर जाऊच शकत नाही. म्हणजे ऑक्झलेटच्या ट्यूबवर उजेड पडला आणि थोडं गोएथाइट त्यात विरघळलं, तर रेशो वाढेल, ०.२ चा ०.४ होईल, ०.६ होईल, पण नुसत्या उजेडाने १ च्या पलीकडे जाणार नाही, कारण ते गोएथाइट एफईडीमध्ये आधीच मोजलेलं आहे. लेपिडोक्रोसाइट या आणखी एका लोहाच्या ऑक्साइडचंही तेच, ते ऑक्झलेटमध्ये थोडंफार जातं पण डीसीबीमध्येही जातंच. तेव्हा रेशो १ च्या वर असेल तर शक्यता तीनच उरतात: हिशोबात किंवा मशीनवर गडबड आहे, डीसीबी अर्धवट झालंय, किंवा सॅम्पलमध्ये असं काहीतरी आहे जे ऑक्झलेट खातं आणि डीसीबी सोडून देतं. ते काहीतरी म्हणजे जवळपास नेहमी मॅग्नेटाइट, चुंबकाला चिकटणारं लोहाचं काळं ऑक्साइड.

आणि हो, १.०३ किंवा १.०६ बघून घाबरू नका. दोन्ही मोजमापांत प्रत्येकी ५ टक्के चूक धरली तर रेशोमध्ये साधारण ७ टक्के येणारच. ज्वालामुखीच्या राखेवरच्या तरुण मातीत किंवा सतत पाणथळ राहणाऱ्या जमिनीत खरोखरच जवळजवळ सगळं लोह फेरिहायड्राइटच्या रूपात असू शकतं, तिथे रेशो १ च्या आसपास असणं हे बरोबर उत्तर आहे. खालचं सगळं १.१ च्या वरच्या, आणि पुन्हा लावल्यावरही तसाच येणाऱ्या सॅम्पलसाठी आहे.

आधी शीट उघडा, लॅबमध्ये नंतर जा

सगळ्यात स्वस्त तपासणी हिशोबाची. एक आकडा लोह म्हणून आणि दुसरा फेरिक ऑक्साइड म्हणून लिहिलाय का ते बघा. लोहाचं फेरिक ऑक्साइड करायला १.४३ ने गुणतात, आणि जुन्या पेपरांमध्ये, जुन्या लॅब रजिस्टरमध्ये डीसीबीचे आकडे ऑक्साइडमध्ये द्यायची पद्धत होती, नवीन लोक लोहात देतात, मग कुणाचं टेम्प्लेट कुणी उचललं की दोन कॉलमची दोन एककं होतात. खरा रेशो ०.८ असेल आणि चुकून ऑक्झलेटचा आकडा ऑक्साइडमध्ये असेल तर तो १.१४ दिसतो. शंका आली तर रेशोला १.४३ ने भागून बघा, सगळेच्या सगळे सॅम्पल अचानक शहाण्यासारखे वागायला लागले तर उत्तर मिळालं.

दुसरं, डीसीबीमध्ये दोन-तीन वेळा एक्स्ट्रॅक्ट करून सगळी द्रावणं एकत्र करतात आणि मग ठरावीक व्हॉल्यूम करतात, तो शेवटचा व्हॉल्यूम हिशोबात गेलाय का, की पहिल्या फेरीचाच ४५ मिली धरलाय? तिसरं, ओलावा. एक वजन हवेत वाळलेल्या मातीचं आणि दुसरं ओव्हनमध्ये वाळवलेल्याचं असेल तर ज्या मातीत चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ भरपूर आहेत तिथे फरक चांगलाच पडतो. चौथं, ब्लँक (माती न घालता तशीच चालवलेली ट्यूब) वजा केलाय का, आणि दोन्ही पद्धतींचा वेगळा ब्लँक आहे का. डिथायोनाइटच्या पावडरमध्ये स्वतःची थोडी धातूंची भेसळ असू शकते, तिचा ब्लँक ऑक्झलेटच्या ब्लँकसारखा नसतो.

पाचवं, आणि हे लोक विसरतात, दोन्ही एक्स्ट्रॅक्शन एकाच दळलेल्या सब-सॅम्पलवर केलीत का. डीसीबीला २ मिलिमीटर चाळणीतून गेलेली माती घेतली आणि ऑक्झलेटला ०.१५ मिलिमीटरची बारीक केलेली, असं झालं तर तुम्ही दोन वेगळ्या वस्तू मोजताय. लोहाचे छोटे खडे, गाठी असलेल्या मातीत तर हा फरक फार मोठा होतो कारण डिथायोनाइट अख्ख्या गाठीच्या आतपर्यंत १५ मिनिटांत पोचतच नाही.

डीसीबी पूर्ण झालंय का

हिशोब स्वच्छ निघाला की मग डीसीबीच्या ट्यूबकडे या, आणि पहिली तपासणी डोळ्यांनी. सेंट्रिफ्यूज केल्यावर खाली बसलेला साका पाण्याने धुवा आणि उजेडात बघा. तो करडा, पांढुरका किंवा हिरवट-करडा असेल तर काम झालं. अजून लालसर, गुलाबी, पिवळट-तपकिरी असेल तर ऑक्साइड उरलंय, एफईडी कमी आलंय, रेशो खोटा आहे. हेमटाइटचा रंग इतका जोरदार असतो की अगदी थोडं उरलं तरी साका गुलाबी दिसतो, त्यामुळे गुलाबी झाक म्हणजे बरंच लोह उरलंय असंही नाही, पण एक फेरी अजून करायलाच हवी. प्रत्येक फेरीचं द्रावण एकदा तरी वेगवेगळं मोजून बघा. पहिल्या फेरीत ८०, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात ४ अशी उतरण दिसली तर ठीक. तिसरी फेरी दुसऱ्या फेरीएवढीच येत असेल तर गोष्ट संपलेली नाही. गोएथाइटमध्ये ॲल्युमिनियम घुसलेलं असेल तर ते हळू विरघळतं, उष्ण आणि दमट भागातल्या जुन्या, खूप झिजलेल्या मातीत हे नेहमीचं आहे, तिथे तीन-चार फेऱ्या लागतात.

आता फेरी अर्धवट का राहते ते बघू. मेहरा आणि जॅक्सन यांच्या १९६० च्या पद्धतीत ०.३ मोलर सोडियम सायट्रेट ४० मिली, १ मोलर सोडियम बायकार्बोनेट ५ मिली, ८० अंश सेल्सिअसला गरम करून १ ग्रॅम डिथायोनाइट, १५ मिनिटं ढवळत राहायचं. आणि तिथेच एक मर्यादा दिलेली आहे जी प्रोटोकॉलच्या झेरॉक्सची झेरॉक्स होता होता गळून जाते: ट्यूबमध्ये विरघळणारं फेरिक ऑक्साइड ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. हिशोब करून बघा. ४ ग्रॅम माती घेतली आणि तिच्यात ५ टक्के ऑक्साइड असेल तर ०.२ ग्रॅम, काही प्रॉब्लेम नाही. तीच ४ ग्रॅम एखाद्या लालभडक मातीची, २० टक्के ऑक्साइडवाली, तर ०.८ ग्रॅम झालं, मर्यादेच्या बाहेर. १ ग्रॅम डिथायोनाइट म्हणजे साधारण ५.७ मिलिमोल, कागदावर ते ११ मिलिमोलच्या वर लोह रिड्यूस करू शकतं, पण गरम पाण्यात डिथायोनाइट स्वतःच भराभर मोडतं, लोहापर्यंत सगळं पोचत नाही, आणि १२ मिलिमोल सायट्रेटलाही ते सगळं लोह धरून ठेवायचं असतं. तेव्हा लाल मातीला वजन कमी करा, १ ग्रॅम किंवा अर्धा ग्रॅम, रिएजंट तेवढेच ठेवा. ही एकच दुरुस्ती कितीतरी लॅबमधले विचित्र आकडे सरळ करते.

तापमानाबाबत, ८० म्हणजे ८०. वॉटर बाथचा डिस्प्ले ८० दाखवतो पण जाड ट्यूबमधल्या द्रावणाचं तापमान कितीतरी वेळ ७० च्या आसपासच असतं, म्हणून थर्मामीटर ट्यूबमध्ये घालून बघा आणि तिथे ८० झाल्यावरच डिथायोनाइट टाका. पण वरही जाऊ देऊ नका, ८० च्या वर गंधक वेगळं होऊन साका बसायला लागतो. ट्यूबमध्ये काळं काहीतरी तयार झालं तर तो आयर्न सल्फाइड, म्हणजे जे लोह तुम्ही विरघळवलं ते पुन्हा घन होऊन खाली बसलं. सायट्रेट कमी पडलं, फार वेळ गरम राहिलं किंवा बफर कमी पडून पीएच घसरला की असं होतं. डिथायोनाइट मोडताना आम्ल तयार होतं, बायकार्बोनेट त्याच्यासाठीच आहे, त्यामुळे "नसलं तरी चालतं" म्हणून बायकार्बोनेट गाळू नका. काळी झालेली ट्यूब वाचवत बसू नका, कमी वजनावर नवीन लावा.

गरम करायची सोय नसेल किंवा सॅम्पल खूप असतील तर होल्मग्रेनची १९६७ ची पद्धत आहे, सायट्रेट आणि डिथायोनाइट घालून रात्रभर, १६ तास, खोलीच्या तापमानाला शेक करायचं. काम सोपं आहे आणि एकाच व्हॉल्यूममध्ये होतं, त्यामुळे धुताना काही सांडायचा प्रश्न नाही. मला ती रोजच्या कामासाठी आवडते. पण जाड दाणे असलेल्या हेमटाइटला तीही कमी पडू शकते, तिथेही साक्याचा रंग बघितल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आता डिथायोनाइटबद्दल थोडं मन मोकळं करतो, कारण पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींमागे हीच बाटली असते. सोडियम डिथायोनाइटला ओलावा अजिबात चालत नाही. बाटली उघडी राहिली, दमट दिवसात चार जणांनी चमचे घातले, झाकण नीट लागलं नाही, की ते आतल्या आत मोडत जातं आणि लेबल मात्र तसंच असतं. पावडर मोकळी, वाळूसारखी वाहायला हवी. गोळे झालेत, झाकण उघडताच नाकात जळजळणारा सल्फर डायऑक्साइडचा भपका येतोय, रंग पिवळट झालाय, तर ती बाटली बाजूला ठेवा. पटकन तपासायचं असेल तर मिथिलीन ब्लूचं पातळ द्रावण घ्या, त्यात चिमूटभर डिथायोनाइट टाका, चांगल्या बाटलीतलं असेल तर निळा रंग लगेच उडतो, मेलेलं असेल तर निळा तसाच रेंगाळतो. नवीन बाटली आली की छोट्या छोट्या घट्ट डब्यांत वाटून ठेवा, आत सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये, आणि डब्यावर उघडल्याची तारीख टाका. वजन करून ओळीने बीकरमध्ये तासभर ठेवून देण्याची सवय सोडा, टाकायच्या वेळीच वजन करा. आणि हे फक्त आकड्यांसाठी नाही, ओलं झालेलं डिथायोनाइट आपोआप तापून पेट घेऊ शकतं, त्यामुळे खराब बाटली सिंकमध्ये किंवा ओल्या कचऱ्यात ओतायची नाही. सगळं काम फ्यूम हूडमध्येच.

मशीनवर एफईडी कमी दिसतंय का

एक्स्ट्रॅक्शन उत्तम झालं आणि वाचनात मार खाल्ला असंही होतं. डीसीबीचं द्रावण म्हणजे सोडियम, सायट्रेट आणि गंधकाच्या संयुगांनी गच्च भरलेलं घट्टसर पाणी. स्टँडर्ड (लोहाचं प्रमाण माहीत असलेली द्रावणं) साध्या पातळ ॲसिडमध्ये बनवले आणि सॅम्पल असं जड, तर नेब्युलायझर (द्रावणाचा फवारा करून मशीनमध्ये सोडणारा भाग) सॅम्पल कमी ओढतो, लोह कमी वाचलं जातं, एफईडी खाली येतं आणि रेशो वर जातो. शोधायचं कसं? स्पाइक. एकाच एक्स्ट्रॅक्टचे दोन सारखे भाग घ्या, एकात लिटरला २ मिलिग्रॅम वाढेल एवढं लोह घाला, दोन्ही वाचा. फरक २ च्या जवळ आला तर मशीन खरं बोलतंय. फरक १.७ आला तर रिकव्हरी ८५ टक्के, म्हणजे तुमचं एफईडी त्याच प्रमाणात खाली वाचलं जातंय. उपाय साधा आहे, स्टँडर्ड त्याच ब्लँक द्रावणात बनवा, त्याच डायल्युशनला, आणि जमेल तेवढं डायल्यूट करा, दहा पट तर कराच. एएएस (ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन) मशीनवर २४८.३ नॅनोमीटरची रेषा फार संवेदनशील आहे, त्यामुळे डायल्युशन परवडतं.

एक गोष्ट बऱ्याच जणांना नडते. आयसीपीला (प्लाझ्मा वापरून धातू मोजणारं मशीन) देताना सवयीने एक्स्ट्रॅक्टमध्ये नायट्रिक ॲसिड टाकलं जातं आणि ट्यूब दुधासारखी होते. ते गंधक आहे. डिथायोनाइट ॲसिडमध्ये फुटतं, आणि डिथायोनाइट संपलं असलं तरी त्याच्यातून तयार झालेलं थायोसल्फेट राहतंच, तेही ॲसिडमध्ये फुटून गंधक देतं, म्हणून द्रावण आठवडाभर ठेवून मग ॲसिड टाकलं तरी दूध होऊ शकतं. ते गंधक नेब्युलायझर आणि बर्नरच्या फटीत बसतं आणि वाचन हळूहळू उतरत जातं. दर दहा सॅम्पलनंतर एक स्टँडर्ड सॅम्पलसारखा वाचा, तो उतरत गेला असेल तर रनचा उत्तरार्ध रद्द समजा. डीसीबीचे एक्स्ट्रॅक्ट ॲसिड न टाकता नुसत्या पाण्याने डायल्यूट करून वाचा, किंवा ज्यांना ॲसिड लागणारच आहे त्यांनी आधी गरम करून पूर्ण ऑक्सिडाइझ करून घ्या. आणि सायट्रेटमध्ये बुरशी मस्त वाढते, त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर वाचा.

आता मॅग्नेटाइट

हिशोब ठीक, साका करडा, स्पाइक ठीक, तरीही रेशो १.५. तर चुंबक काढा. चांगला जोरदार चुंबक पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा, वाळलेल्या मातीत किंवा पाण्यात ढवळलेल्या मातीत फिरवा, बाहेर काढून बघा. पिशवीवर काळे चकचकीत कण दाढीसारखे उभे राहिले तर संशयित सापडला. बेसाल्टवर बनलेल्या मातीत, नदीच्या काळसर वाळूत, ज्वालामुखीच्या खडकांच्या आसपास हे अगदी सर्रास दिसतं. पिशवीमुळे कण काढणं सोपं जातं, चुंबक बाहेर ओढला की ते गळून पडतात.

इथे होतं असं की जाड दाण्यांच्या मॅग्नेटाइटला डीसीबी फारसं हात लावत नाही, पण अंधारातलं आम्लधर्मी ऑक्झलेट त्याला चांगलंच विरघळवतं. म्हणजे त्याचं लोह एफईओमध्ये आलं आणि एफईडीमध्ये आलं नाही, आणि भाग पूर्णापेक्षा मोठा झाला. गोष्ट इथेच थांबत नाही. मॅग्नेटाइट विरघळताना फेरस लोह बाहेर पडतं, आणि ऑक्झलेटच्या सोबतीने ते फेरस लोह गोएथाइट आणि हेमटाइटही विरघळवायला लागतं, एरवी जे अंधारात जवळपास तसेच राहिले असते. सिडेराइट (लोहाचं कार्बोनेट) असलेल्या किंवा पाण्याखालून काढलेल्या, आधीच फेरस लोहाने भरलेल्या ओल्या सॅम्पलमध्येही हाच उत्प्रेरकाचा खेळ होतो. त्यामुळे मॅग्नेटाइटचं लोह वेगळं मोजून एफईओमधून नुसतं वजा केलं की काम झालं असं समजू नका, उरलेला आकडाही फुगलेला असू शकतो.

संशय पक्का करायला वेळेची मालिका लावा, माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे. एकाच सॅम्पलच्या चार ट्यूब, ०.२ मोलर ऑक्झलेट, पीएच ३.०, अंधारात, आणि १, २, ४, ८ तासांनी एकेक ट्यूब काढा. तीच ट्यूब उघडून उघडून सॅम्पल काढू नका, उजेडही जातो आणि प्रमाणही बदलतं. फेरिहायड्राइट पटकन विरघळतं, त्याची रेषा २ ते ४ तासांत आडवी पडते. रेषा ८ तासांनाही चढतच असेल तर स्फटिक झालेलं काहीतरी खाल्लं जातंय. मग चुंबकाने ओढलेले कण काढून उरलेल्या मातीवर तीच मालिका पुन्हा. आता रेषा आडवी पडली आणि एफईओ खाली आला तर शंकेला जागा नाही. दळण्याचाही परिणाम बघा, मॅग्नेटाइटवाली माती जितकी बारीक दळाल तितका एफईओ वाढतो, आणि दळल्याने आकडा वाढणं हीच स्वतः एक खूण आहे.

मग करायचं काय? चुंबकाने सगळं मॅग्नेटाइट निघत नाही, चिकणमातीत अडकलेले बारीक कण राहतात, शिवाय कणांवर चिकटलेलं फेरिहायड्राइटही सोबत जातं, त्यामुळे हा तपासणीचा उपाय आहे, मोजणीचा नाही. अशा मातीला ऑक्झलेट सोडून हायड्रॉक्सिलअमीन हायड्रोक्लोराइड वापरा, ०.२५ मोलर, ०.२५ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये, ५० अंशाला ३० मिनिटं. त्यात मॅग्नेटाइट जवळजवळ विरघळत नाही आणि फेरिहायड्राइटसारखा अस्फटिक भाग येतो. दोन्ही आकडे द्या, आणि हायड्रॉक्सिलअमीनच्या आकड्याला एफईओ असं नाव देऊ नका, कोणत्या रिएजंटने काढलंय ते तिथेच लिहा. पेपरमध्ये "स्फटिक लोह म्हणजे एफईडी वजा एफईओ" असा कॉलम असेल तर या सॅम्पलना तो रिकामा ठेवा, ऋण आकडा शून्य करून टाकू नका. तसंच एफईओला १.७ ने गुणून फेरिहायड्राइट काढायची जी पद्धत आहे ती इथे लावू नका, कारण त्यातलं लोह फेरिहायड्राइटचं नाहीच.

रेशो १ च्या आत आहे म्हणून सगळं ठीक, असं नाही

वर म्हटलं तसं उजेडाने रेशो १ च्या वर जात नाही, आणि म्हणूनच उजेडाची चूक पकडली जात नाही. ०.१५ च्या जागी ०.३५ आला तर कुणालाच खटकत नाही, उलट "बरंच अस्फटिक लोह आहे" असा निष्कर्ष निघतो. उजेडात ऑक्झलेट फेरिक लोहाला फेरस करतं, ते फेरस लोह पुन्हा स्फटिक ऑक्साइड विरघळवतं, आणि चक्र सुरू होतं. श्वर्टमान यांनी १९६४ मध्ये अंधारावर एवढा भर दिला तो यासाठीच. तांबड्या बाटल्या पुरेशा नाहीत, ट्यूबला फॉइल गुंडाळा, झाकणासकट, आणि शेकर अंधाऱ्या खोलीत किंवा खोक्यात ठेवा. शेकिंगला अंधार आणि मग सेंट्रिफ्यूजच्या रांगेत ट्यूब खिडकीजवळ अर्धा तास, हे हमखास होतं. गाळलेलं द्रावणही अंधारातच ठेवा, उजेडात पडून राहिलं तर पिवळा फेरस ऑक्झलेटचा साका बसतो आणि मग एफईओ कमी वाचला जातो, म्हणजे उजेडाची चूक दोन्ही दिशांना लागू शकते. तपासायला हेमटाइट किंवा गोएथाइट भरपूर असलेली एक लाल माती घ्या, एक ट्यूब फॉइलमध्ये, एक उघडी, दोन्ही तुमच्या नेहमीच्या पद्धतीने पूर्ण करा. आणि एक तिसरी, काटेकोर अंधारात, सेंट्रिफ्यूजपर्यंत फॉइल न काढता. नेहमीची फॉइलवाली आणि काटेकोरवाली यांच्यात फरक पडला तर गळती कुठे आहे ते कळलंच.

चुनखडीवाल्या मातीत उलटं होतं, एफईओ उगाच कमी येतो. १ ग्रॅम मातीत २० टक्के कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे २ मिलिमोल, त्याला ४ मिलिमोल आम्ल लागतं, आणि ५० मिली ऑक्झलेट रिएजंटमध्ये वापरता येण्याजोगं आम्ल साधारण ८.७ मिलिमोलच असतं. म्हणजे जवळपास निम्मं आम्ल चुन्यातच गेलं, वर कॅल्शियम ऑक्झलेटचा पांढरा साका बसून ऑक्झलेटही कमी झालं, पीएच ३.० वरून ३.७ च्या आसपास सरकला आणि फेरिहायड्राइट हळू विरघळायला लागलं. शेकिंग संपल्यावर पीएच मोजायची सवय लावा, एका मिनिटाचं काम आहे. ३.२ च्या वर गेला असेल तर वजन ०.२५ ग्रॅमवर आणा, किंवा आधी पीएच ५.५ च्या अमोनियम ॲसिटेटने कार्बोनेट काढून, धुऊन, मग ऑक्झलेट लावा. रिएजंट बनवताना ०.२ मोलर अमोनियम ऑक्झलेट ७०० भाग आणि ०.२ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड ५३५ भाग मिसळले की पीएच ३ च्या जवळ येतो, पण मीटरवर बघून दोन्हीपैकी एकाने नेमका ३.० करा.

पाणथळ जमिनीची माती वाळवून मग ऑक्झलेट लावत असाल तर वाळवण्यातच फेरस लोह ऑक्सिडाइझ होऊन नवीन फेरिहायड्राइट बनतं आणि ते एफईओमध्ये मोजलं जातं. ओली माती लावून ओलाव्याचं वेगळं सॅम्पल ठेवा, आणि फेरस लोह जास्त असेल तर वर सांगितलेली वेळेची मालिका करूनच आकडा वापरा.

पायरोफॉस्फेट या तिसऱ्या रिएजंटने काढलेलं लोह म्हणजे एफईपी, ते एफईओपेक्षा जास्त येत असेल तर ते प्रकरण वेगळं आहे आणि त्याचं कारण बहुतेक वेळा सेंट्रिफ्यूजमध्ये असतं. ०.१ मोलर सोडियम पायरोफॉस्फेट, पीएच १०, १६ तास शेक केल्यावर ऑक्साइडचे अतिबारीक कण सुटे होऊन द्रावणात तरंगत राहतात, साध्या फिल्टर पेपरमधून ते आरामात खाली येतात, आणि मशीन त्यांना विरघळलेलं लोह समजून मोजतं. तेच द्रावण एकदा तुमच्या नेहमीच्या वेगाने आणि एकदा २०,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या २०,००० पट) फिरवून वाचा. दुसऱ्यांदा आकडा पडला तर आधीचे सगळे एफईपी त्याच वेगाने पुन्हा फिरवून घ्या, आणि तेवढा वेग नसेल तर फ्लॉक्युलंट (बारीक कणांचे गठ्ठे करणारा पदार्थ) घालून किंवा ०.०२५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळून मगच वाचा.